बुरशी पोसावी कुठे, रोखावी कुठे: खान्देशातल्या शेतासाठी, कोठीसाठी आणि अंगासाठी

बुरशीला जगायला तीन गोष्टी लागतात: खायला सेंद्रिय पदार्थ, साधारण २५ ते ३५ अंशांची ऊब आणि ओल. खान्देशात ऊब जवळजवळ वर्षभर असते आणि खाद्य शेतभर पडलेले असते. त्यामुळे आपल्या हातात खरी राहते ती ओलच. बुरशी हवी तिथे ओल टिकवायची, नको तिथे ती तोडायची. पुढची सगळी कामे याच एका गोष्टीभोवती फिरतात, औषधाचा नंबर त्यानंतर.

आणि बुरशी हवीच असते. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या), केळीचे वाळके खोड यांतला काष्ठमय भाग कुजवण्याचे मुख्य काम बुरशीच करते. मायकोरायझा जातीची बुरशी मुळांत शिरून तंतू दूरवर पसरवते आणि काळ्या जमिनीत अडकलेले स्फुरद व जस्त पिकापर्यंत आणते. बांधावर पऱ्हाटी पेटवली की खत तर जातेच, शिवाय वरच्या थरातली ही फौजही भाजून निघते.

आधी खात्री करा: रोग बुरशीचाच आहे ना?

बुरशीनाशकावरचा निम्मा वायफळ खर्च इथे वाचतो. पीक मलूल झाले, पिवळे पडले की दुकानातून बुरशीनाशक आणायची घाई होते. पण खान्देशात नेहमी दिसणाऱ्या कितीतरी तक्रारींचा बुरशीशी संबंधच नसतो.

कपाशीची आकस्मिक मर घ्या. पावसाने मोठी उघडीप दिली आणि मग एकदम जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले, की दोन दिवसांत हिरवीगार झाडे मान टाकतात. खोड उभे चिरले तर आत पांढरेच दिसते, काळी रेघ नसते. मुळांना हवा न मिळाल्याचा हा परिणाम आहे. चर काढून पाणी बाहेर काढायचे, १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम युरिया आणि १५० ग्रॅम पोटॅश विरघळवून झाडाला १५० मिलीप्रमाणे बुंध्याशी आळवणी करायची आणि बुंधा पायाने दाबून घ्यायचा. हे पहिल्या एक-दोन दिवसांत केले तरच उपयोग. कपाशीचा लाल्या, म्हणजे पाने लाल पडणे, हाही बहुतेक वेळा मॅग्नेशियम व नत्राची कमतरता आणि रात्रीची थंडी यांतून येतो.

केळीवरचा हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणू. पानावर शिरांच्या दिशेने पिवळसर पट्टे पडतात, पान अरुंद होते, पोंगा सडतो. त्याचा प्रसार मावा करतो, म्हणून बुरशीनाशकाचे शंभर फवारे मारले तरी फरक पडत नाही. झाड कंदासकट उपटून शेताबाहेर गाडायचे, मावा आवरायचा आणि नवतीच्या (नव्या लागवडीच्या) शेजारी काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची ठेवायची नाही. हिवाळ्यात तापमान दहा-बारा अंशांखाली गेले की येणारा चरका हाही थंडीचा मार आहे. त्यावर उपाय रात्रीचे पाणी, बांधावर धूर आणि वारा अडवणारी शेवरी.

हरभऱ्यात मात्र मर, कोरडी मूळकूज आणि मानकूज हे तीनही रोग बुरशीचेच असतात, पण उपाय वेगळे आहेत, त्यामुळे झाड उपटून बघावेच लागते. खोड जमिनीलगत उभे चिरल्यावर आत गडद तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती फ्युजारियमची मर. सोटमूळ ठिसूळ होऊन कट्‌कन तुटले, उपमुळे गळून गेलेली आणि पीक घाटे भरताना उन्हाच्या तडाख्यात वाळले तर कोरडी मूळकूज. रोप लहानपणीच कोलमडले, बुंध्याशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर मानकूज. ही जमिनीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि पेरणीवेळी जास्त ओल असली की येते. मर रोगाची बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. म्हणून एखाद्या हंगामाच्या फेरपालटाने ती जाईल ही आशा धरू नये. दादर ज्वारीसारखे पीक मध्ये सलग घेणे आणि विजय, दिग्विजयसारखे मर सहन करणारे वाण पेरणे हे दोन्ही लागते.

ट्रायकोडर्मा: शेणखतावर वाढवून वापरणे

जमिनीतल्या रोगकारक बुरशीवर जगणारी ही बुरशी आहे. तिचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालतात, त्यांची भिंत विरघळवणारी विकरे सोडतात आणि आतला रस शोषून घेतात. शिवाय मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावून बसतात. यातून तिची मर्यादाही कळते. ती आधी पोहोचली तर राखण करते; मान टाकलेले झाड ती उठवत नाही.

आपल्याकडे ती फसते याची मोठी कारणे दोन. एक, काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५ असतो, ट्रायकोडर्माला सातच्या खालचा आवडतो. दोन, सेंद्रिय कर्ब कमी, म्हणजे तिला खायला नाही. कोरडी भुकटी तशीच शेतात उधळली तर आठवड्याभरात तिचा मागमूस राहत नाही. म्हणून आधी शेणखतावर पोसायची आणि मग शिदोरीसकट शेतात पाठवायची.

पुडा घेताना वापराची अंतिम तारीख बघा, नोंदणी क्रमांक बघा आणि ग्रॅममागे जिवंत बीजाणू किती लिहिलेत ते बघा. भुकटीत ते किमान २० लाख हवेत. त्याहून महत्त्वाचे, दुकानात पुडा कुठे ठेवला होता हे बघा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलेल्या पुड्यात नुसती शंखजिऱ्याची पावडर उरते. घरी आणल्यावर माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावा, खतांच्या आणि औषधांच्या ढिगात नको.

शंभर किलो शेणखत लागते. ते पूर्ण मुरलेले, काळसर, मातीसारखा वास येणारे हवे. हात घालून पाहावा. आत गरम लागले तर ते अजून कच्चे आहे आणि त्या उष्णतेत बीजाणू मरतील. खत चाळून दगड, प्लास्टिक काढावे. जागा सावलीची, निंबाखाली किंवा गोठ्याच्या आडोशाला, पण फवारणीचे पंप धुतात तिथे नव्हे. एक किलो गूळ दहा-पंधरा लिटर पाण्यात विरघळवून त्यात एक किलो ट्रायकोडर्मा कालवावा. पुडा जुना वाटला तर दोन किलो. खताचे पातळ थर देत प्रत्येक थरावर हे पाणी शिंपडावे आणि फावड्याने खालीवर करून एक ते दीड फूट उंचीचा लांबट गादीवाफा करावा. याहून उंच रचला तर आत तापतो.

ओल मुठीने मोजायची. मूठभर खत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. वर ओले गोणपाट टाकावे. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, कारण या बुरशीला हवा लागते. उन्हाळ्यात गोणपाट दिवसातून दोनदा ओले करावे, पावसाळ्यात फक्त वरून पाणी पडू देऊ नये. चौथ्या आणि आठव्या दिवशी वाफा खालीवर करावा. आठव्या-दहाव्या दिवशी पांढरे तंतू पसरतात, बारा ते पंधरा दिवसांत त्यांवर हिरवी भुकटी धरते. मग खत वापरायला तयार.

काय बिघडते? अमोनियाचा उग्र वास आला तर शेण कच्चे होते किंवा पाणी जास्त झाले. पसरून गार करावे आणि पुन्हा एक किलो कल्चर, म्हणजे पुड्यातला ट्रायकोडर्मा, मिसळावे. तंतू आले पण हिरवा रंग धरला नाही तर वाफा कोरडा पडला असण्याची शक्यता जास्त. काळी किंवा गुलाबी-नारिंगी बुरशी मोठ्या चट्ट्यांनी वाढली तर दुसऱ्याच जातीने ताबा घेतला आहे. तो भाग काढून टाकावा. हिरवे दिसले म्हणजे ट्रायकोडर्माच असेही नाही, पेनिसिलियम आणि ॲस्परजिलसही हिरव्या असतात. म्हणून मूळ कल्चर भरवशाचे असणे महत्त्वाचे. जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालय यांच्याकडे ताजे कल्चर आहे का, हे आधी विचारावे.

हरभरा, तूर, कपाशी, भुईमूग यांना एकरी शंभर किलो असे खत पेरणीच्या वेळी ओळीत द्यावे. संध्याकाळी द्यावे आणि लगेच मातीआड करावे. दुपारच्या उन्हात पडलेले खत वाया गेले असे समजावे. जमिनीत वाफसा हवा. केळीला झाडामागे पाव किलो धरले तर पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी सुमारे १,७५० झाडांना साडेचारशे किलोपर्यंत खत लागते, म्हणजे असे चार-पाच वाफे. कंदाभोवती, ठिबकच्या ओल्या वर्तुळात द्यावे. त्या वर्तुळाबाहेर मुळेही नसतात आणि ओलही नसते.

बीजप्रक्रियेला किलोमागे पाच ग्रॅम. एकरी तीस किलो हरभऱ्याला दीडशे ग्रॅम झाले. गुळाच्या पाण्याचा हलका हात देऊन बियाणे चोळावे, ओलेचिंब करू नये, साल सुटते. रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम किलोला, यांच्याशी ट्रायकोडर्माचे भांडण नाही. कार्बेन्डाझिमशी मात्र उभे वैर आहे. बियाण्याला ते आधीच लावलेले असेल तर ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता खतातून जमिनीत द्यावा. ताम्रयुक्त औषध किंवा कार्बेन्डाझिमची आळवणी झाली असेल तर मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यावेत. पानांवरच्या फवारणीने एवढे बिघडत नाही. ठिबकमधून सोडायचा असेल तर द्रवरूप कल्चर घ्यावे. भुकटी कितीही गाळली तरी तोट्या चोंदतात.

एक इशारा. घरात कुणी धिंगरी अळंबी करत असेल तर हा वाफा त्या शेडपासून लांब ठेवा आणि वाफ्यात काम केलेल्या कपड्यांनी आत जाऊ नका. शेतातली ही राखणदार तिथे हिरवा रोग म्हणूनच ओळखली जाते.

केळीचा करपा आणि मर

करपा म्हणजे सिगाटोका. सुरुवातीला पानावर शिरांना समांतर बारीक पिवळसर रेघा येतात, मग त्या तपकिरी होतात, मध्ये राखाडी आणि कडेने पिवळे वलय धरतात. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या तापीकाठच्या पट्ट्यात जुलैपासून पुढे ढगाळ हवा आणि पानावर रात्रभर राहणारे दव त्याला मानवते. घड कापताना झाडावर किमान सहा-आठ चांगली पाने राहिली नाहीत तर फण्या भरत नाहीत आणि फळ वाटेतच पिकते. नुकसान पानाचे दिसते, पण पैसे जातात ते घडाच्या वजनात आणि भावात.

कामाचा क्रम असा. आधी विळा. पानाचा फक्त काही भाग करपलेला असेल तर तेवढाच कापावा, अर्ध्याहून जास्त गेले असेल तर पूर्ण पान. कापलेली पाने बागेत सऱ्यांत टाकून ठेवू नयेत, त्यांच्यावरूनच बीजाणू उडत राहतात. बागेबाहेर नेऊन पुरावीत किंवा कंपोस्ट करावीत. जास्तीची पिले काढावीत, म्हणजे हवा खेळते. सऱ्यांत साचलेले पाणी काढावे. त्यानंतर फवारणी: लिटरला एक मिली प्रोपिकोनॅझोल आणि दहा मिली खनिज तेल, पानाची खालची बाजू भिजेल अशी. तीन-चार आठवड्यांनी गरज वाटल्यास पुढची फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाची. एकच औषध हंगामभर मारले की बुरशी त्याला सरावते. तेलाचे प्रमाण वाढवून किंवा भर दुपारी फवारून पाने भाजल्याची उदाहरणे बागोबाग सापडतात, तेव्हा मोजमाप अंदाजाने नको. औषधाच्या लेबलवरचे प्रमाण आणि काढणीपूर्वीचा कालावधी वाचूनच मारावे.

पनामा मर वेगळी. जुन्या पानांची कड पिवळी पडते, पाने देठाशी मोडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात, खोड उभे फाटते; आडवा काप घेतला तर आत तांबूस-तपकिरी वलये दिसतात. ग्रँड नैन, बसराई, श्रीमंती या आपल्या जाती कॅव्हेंडिश गटातल्या, म्हणून जुन्या पहिल्या वंशापासून त्या बऱ्याच सुरक्षित होत्या. उष्णकटिबंधीय चौथा वंश, ज्याला टीआर-४ म्हणतात, तो मात्र कॅव्हेंडिशलाही मारतो आणि बिहार व उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. त्याचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके राहतात. एकदा शेतात आला की औषधाने निघत नाही. म्हणून तो येऊच न देणे हाच व्यवहार: परप्रांतातून किंवा खात्री नसलेल्या बागेतून कंद आणू नयेत, रोपे प्रमाणित ऊतिसंवर्धित घ्यावीत, भाड्याच्या ट्रॅक्टरचे फाळ आणि टायर शेतात शिरण्यापूर्वी माती काढून धुवावेत. संशय आला तर झाड उपटून दुसऱ्या बागेतून ओढत नेऊ नये. जागीच ठेवून जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा कृषी विभागाला कळवावे. अशा झाडाचे कंपोस्टही करू नये.

निरोगी खोडाचे मात्र जरूर करावे. खोडाचे तुकडे करून, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट, शंभर किलो शेण आणि एक किलो कुजवणारे कल्चर थराथराने टाकावे. महिन्यातून एकदा पलटावे, ओल टिकवावी. तीन-साडेतीन महिन्यांत खत तयार होते.

मिरची-वांग्याच्या रोपवाटिकेत रोपे कोलमडतात, त्याला आपला उन्हाळा हेच औषध आहे. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक अंथरा, कडा मातीने बंद करा आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. काळे प्लास्टिक चालत नाही, ऊन आत शिरत नाही. नंतर खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर येते. मग त्याच वाफ्यात ट्रायकोडर्मा सोडला की त्याला मोकळे रान मिळते.

शेंगा, मका, मिरची: कोठीतली बुरशी

शेतातल्या बुरशीने उत्पन्न जाते, कोठीतल्या बुरशीने यकृत. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही पिवळट-हिरवी बुरशी भुईमूग, मका, सरकी आणि मिरचीवर वाढताना अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते शिजवून, तळून, भाजून नाहीसे होत नाही. बुरशी झटकली, दाणे धुतले, तरी विष आत मुरलेले राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. १९७४ साली आपल्या शेजारच्या पट्ट्यात, राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात, अवकाळी पावसात भिजलेला आणि तसाच साठवलेला मका खाऊन ३९७ माणसांना कावीळ झाली, त्यांतली १०६ दगावली. बहुतेक भिल्ल कुटुंबे होती. सातपुड्याच्या पाड्यांवर मक्याची भाकरी रोजची, म्हणून ही गोष्ट इथे माहीत असायला हवी.

सुरुवात शेतातच होते. शेंगा भरताना शेवटचे तीन-चार आठवडे पाण्याचा ताण पडला की जमीन तापते, शेंगेला बारीक तडे जातात आणि बुरशी तिथून शिरते. शक्य असेल तर त्या काळात एक पाणी द्यावेच. वाळवी आणि हुमणीने पोखरलेल्या, कुदळीने चिरलेल्या शेंगा काढतानाच बाजूला टाकाव्यात. उपटलेले वेल शेंगा वर करून दोन-तीन दिवस शेतात ठेवावेत, शेंगा मातीला टेकल्या तर खालची बाजू ओलीच राहते. तोडल्यावर ताडपत्रीवर पातळ पसरून दिवसातून चारदा हलवाव्यात, संध्याकाळी झाकाव्यात आणि सकाळी दव उडाल्यावरच उघडाव्यात.

वाळल्या की नाही हे कसे ओळखायचे? शेंग कानाशी हलवली की दाणा खडखडला पाहिजे, दाणा दोन बोटांत चोळला की टरफल सुटले पाहिजे, दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. शेंगांतली ओल आठ टक्क्यांवर आली की साठवायला हरकत नाही. मक्याला बारा-तेरा टक्के लागतात आणि त्यासाठी मिठाची परीक्षा चांगली आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका घ्या, तव्यावर कोरडे केलेले मीठ दोन-तीन चमचे टाका, झाकण लावून दोन मिनिटे हलवा आणि थोडे थांबा. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांवर आहे, अजून ऊन द्या. चिकटले नाही तर पंधराच्या आत आली. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर आणखी एक दिवस वाळवा.

एक वाईट सवय बंद व्हायला हवी. शेंगा फोडताना दाणे फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारले जाते. महिनाभर उन्हात मिळवलेला कोरडेपणा त्या एका बादलीत जातो आणि तसेच दाणे पोत्यांत भरले की आठवड्यात आतून उबतात. फुटके दाणे परवडतील.

पोती जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे फरशीची आणि भिंतीची ओल लागत नाही. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात वाळवून मगच वापरा. पत्र्याच्या कोठीत गरम धान्य भरू नका. रात्री पत्रा थंड होतो, आतून घाम धरतो आणि वरच्या थराला बुरशी लागते. उन्हातून आणलेले धान्य रात्रभर गार होऊ द्यावे.

खायला घेताना निवडणे हे फार मोठे काम आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. थोड्याच सुरकुतलेल्या, काळपट, हिरवट, कडू दाण्यांत ते एकवटलेले असते. ते निवडून काढले तर उरलेल्या मालातले विष बरेच खाली येते. फेकलेले दाणे कोंबड्यांना घालायचे नाहीत. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने सुमारे एक लाख टर्की मेल्या, तेव्हाच हे विष उजेडात आले. कडू लागलेला दाणा थुंकून टाकायचा, गिळायचा नाही. खराब दाणे घाण्याला देऊन तेल काढणे हाही मार्ग नाही. बरेचसे विष ढेपेत जाते, पण न शुद्ध केलेल्या तेलातही काही उतरते.

ढेपेचा हिशेब दुधात निघतो. बुरशी लागलेली सरकी किंवा शेंगदाणा ढेप, काळा पडलेला मका खाल्लेल्या गाई-म्हशीच्या दुधात त्या विषाचा एक-दोन टक्के भाग दुसऱ्या रूपात दिवसभराच्या आत उतरतो. धान्यात किलोला १५ मायक्रोग्रॅम ही आपल्या अन्नसुरक्षा कायद्याची मर्यादा आहे, दुधात फक्त अर्धा मायक्रोग्रॅम, कारण दूध लहान मुले पितात. चांगली बाब अशी की खराब ढेप थांबवली की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते.

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची उघड्यावर वाळते आणि नोव्हेंबर-डिसेंबरातला अवकाळी पाऊस तिथेच गाठतो. भिजलेली मिरची ढीग करून झाकली तर एका रात्रीत आतून तापते. पाऊस थांबताच ती पातळ पसरावी, देठाशी काळी पडलेली वेगळी करावी आणि ती दळायला घेऊ नये. चुरगळल्यावर मोडते ती वाळली. वाकते ती अजून ओली.

अंगावरची, फुप्फुसातली, डोळ्यातली

गजकर्ण हल्ली हट्टी झाले आहे. ट्रायकोफायटॉनची एक चिवट जात पसरली हे एक कारण, आणि दुकानातून स्वतःच आणलेल्या मिश्र मलमांनी तिला बळ दिले हे दुसरे. नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र कातडीत पसरत राहते आणि मलम थांबवले की दुप्पट उसळते. नुसते क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल असलेले मलम घ्यावे. बाहेरून आत असे लावावे, चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटे अंतरापर्यंत, आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे लावत राहावे. बहुतेक जण नेमके इथेच सोडतात. चट्टे मोठे, डोक्यात, नखात किंवा लहान मुलाला असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पोटातून गोळ्या लागतात.

घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावेत, नाहीतर ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. कमरेचा करदोडा काढून ठेवावा, घामाने ओला राहणारा तो दोरा बुरशीचे घरच असतो. कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत, शिवणींवर इस्त्री फिरवावी. वासराच्या तोंडाभोवती राखाडी खपल्यांचे गोल चट्टे दिसले तर तेही गजकर्णच असते. पोरांनी त्याला कुरवाळू नये आणि मोठ्यांनी हातमोजे घालून औषध लावावे.

कुजलेला कडबा ओढताना, बुरशीचे धान्य उपसताना किंवा वर सांगितलेला ट्रायकोडर्माचा वाफा पलटताना उडणारी धूळ म्हणजे करोडो बीजाणू. नाकाला एन-९५ मास्क लावावा, उपरणे पुरत नाही. वाऱ्याकडे पाठ करावी, ढीग आधी हलका ओला करावा. दमा असलेल्याने, जुन्या क्षयाने फुप्फुसात पोकळी राहिलेल्याने आणि स्टिरॉइड चालू असलेल्याने हे काम दुसऱ्याला द्यावे. काम केल्यावर चार-सहा तासांनी ताप, कोरडा खोकला, छातीत दाटणे असे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कडब्याच्या धुळीविषयी आवर्जून सांगावे, नाहीतर न्यूमोनिया समजून औषधे चालू राहतात. २०२१ मध्ये कोविडनंतर खूप दिसलेला म्युकर रोग मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने येतो. साखर वाढलेल्या माणसाला गालावर बधिरपणा, एका बाजूची डोळासूज किंवा नाकातून काळपट स्राव दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

डोळ्याची बुरशी हा कापणीच्या दिवसांतला खास आपला आजार. ज्वारीचे कूस, मक्याचे पान, उसाचे पाते बुबुळाला ओरखडा काढते आणि त्यावरची फ्युजारियम किंवा ॲस्परजिलस आत रुजते. ओरखडा किरकोळ वाटतो. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही आणि काही दिवसांत बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो. लगेच करायचे ते एवढेच: स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, चोळायचा नाही, जिभेने किंवा पदराच्या टोकाने कण काढायचा नाही. दूध, मध, एरंडेल, कोणाच्या तरी घरातली उरलेली बाटली, यांतले काहीही घालायचे नाही. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली एका दिवसात जाते आणि बुबुळ त्याहून वेगाने विरघळते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे आणि कशाने लागले ते सांगावे, कारण झाडपाल्याचा ओरखडा म्हटल्यावर ते बुबुळावरचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी सापडली तर नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. दुखणे पहिल्या आठवड्यात थांबते, तेव्हा थेंब बंद करू नयेत. कापणीला जाताना दुकानात मिळणारा साधा, कडेने झाकलेला प्लास्टिकचा चष्मा घातला तर यातले बरेचसे टळते.